हातावरची जखम भरत नसेल, तर आधी काम विचारा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक
आणि नाशिक जिल्ह्यातल्या गावोगावच्या सर्व डॉक्टर मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. शेतात, नर्सरीत, पॉलिहाऊसमध्ये किंवा फुलबाजारात राबणाऱ्या माणसाच्या हातापायावरची गाठ किंवा जखम दोन-तीन आठवडे औषध घेऊनही भरत नसेल, तर पुढचं अँटिबायोटिक लिहिण्याआधी त्याला विचारा, तू काम काय करतोस, काटा लागला होता का. आणि बुरशीच्या तपासणीसाठी नमुना पाठवा. तो नमुना घेण्याची, प्रयोगशाळेपर्यंत पोचवण्याची आणि पुढच्या औषधाची सोय आपल्या जिल्ह्यात सरकारी पातळीवर करा.

आम्ही दिंडोरी तालुक्यात गुलाब करतो, जोडीला थोडी द्राक्षबाग आहे. नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. द्राक्षाने नाव काढलं तरी या मातीतून गुलाब गेलेला नाही. जानोरी-मोहाडीकडच्या शेडमधून आजही रोज माल भरला जातो. ही फुलं तोडणारे, सोलणारे, बांधणारे हात मात्र आपल्या आरोग्य यंत्रणेला फारसे दिसत नाहीत, आणि हे पत्र त्या हातांबद्दलच आहे.

गुलाबाचं काम बाहेरून वाटतं त्याहून हाताला कठीण असतं. कटिंग पहाटे, उन्हं चढायच्या आत. एका हातात सिकेटर, दुसऱ्या हाताने दांडा धरायचा. मग पॅकहाऊसमध्ये खालची पानं आणि काटे सोलायचे, लांबीप्रमाणे ग्रेडिंग करायचं, वीस-वीस फुलांचा बंच बांधून पुठ्ठ्यात गुंडाळायचा. लग्नसराईत आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी तर मान वर करायला फुरसत नसते. बायका साडीवर घरातला जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, तेवढाच त्यांचा बचाव. मनगटापुढे सगळं उघडं. दिवसात काटा किती वेळा टोचला हे कुणी मोजत नाही. बोट तोंडात धरायचं, थुंकायचं आणि पुढचा दांडा उचलायचा. फार झालं तर तंबाखूची चिमूट दाबायची, नाहीतर हळद भरून जुन्या साडीची चिंधी बांधायची.

बहुतेक काटे काही करत नाहीत. पण माती, शेणखत, कुजका पालापाचोळा, जुनं लाकूड, पेंढा, मॉस (ओलावा धरणारं शेवाळ) यांत राहणारी एक बुरशी आहे, स्पोरोथ्रिक्स. काट्याने, काडीने किंवा लाकडाच्या कुसळाने कातडी फुटली की तिला आत शिरायला वाट मिळते. त्यातून होणाऱ्या आजाराचं नाव स्पोरोट्रायकोसिस. जगभर तो गुलाबाची बाग करणाऱ्यांचा आजार म्हणून ओळखला जातो. या बुरशीचा स्वभाव समजून घेतला की पुढचा घोळ कळतो. बाहेर साधारण २५ अंश तापमानाला ती तंतूंच्या रूपात वाढते, आणि शरीरात ३७ अंशांच्या उबेत शिरली की रूप बदलून यीस्टसारख्या गोल पेशींची होते. काटा लागल्यापासून पहिली गाठ दिसेपर्यंत एक आठवडा जाऊ शकतो, कधी बारा आठवडेही जातात. तोवर तो काटा कुणाच्या लक्षात असणार? रुग्णाने आपणहून सांगावं अशी अपेक्षाच चूक आहे. विचारावं डॉक्टरांनीच लागतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्याकडे पेठ तालुक्यातून आलेल्या एक मावशी बरीच वर्षं कामाला आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, पण हे लिहायला त्यांची परवानगी आहे. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेराशी, मसुराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, खाजतही नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. हळूहळू ती लालसर-जांभळी झाली, फुटली, वर खपली धरली. खपली निघाली की खाली पुन्हा ओलं. मग मनगटाजवळ दुसरी गाठ, त्याच्या वर तिसरी, आणि असं करत कोपरापर्यंत. सगळ्या एका रेषेत, दोरीत ओवलेल्या मण्यांसारख्या. हातावरून बोट फिरवलं तर कातडीखालची ती दोरी खरोखर लागायची. बुरशी लसिकावाहिनीच्या (कातडीखालून लसद्रव वाहून नेणाऱ्या नळीच्या) वाटेने वर सरकते, म्हणून ही रांग दिसते. ती नजरेला पडली की जाणत्या डॉक्टरला अर्धं निदान तिथेच होतं.

मावशींचं झालं नाही. पहिल्या दवाखान्यात अँटिबायोटिक मिळालं. गुण येईना म्हणून दुसऱ्या ठिकाणी दुसरं, जास्त ताकदीचं. तिसऱ्या ठिकाणी गळू समजून चीर दिली. पू फारसा निघाला नाही, जखम मात्र मोठी झाली. मध्ये मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. ती लावली की लाली उतरायची, बरं वाटायचं, आणि आठवड्याने दुखणं आधीपेक्षा पसरलेलं दिसायचं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. मग एका खासगी रुग्णालयात बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा (जुनाट सुजेतून बनलेला पेशींचा पुंजका) असल्याचं आलं, आणि ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी असं धरून टीबीचा कोर्स सुरू झाला. गोळ्यांनी मावशींचं अन्न तुटलं, अशक्तपणा आला, कामावर खाडे पडले. गाठी होत्या तिथेच.

या सगळ्या प्रवासातले केसपेपर मी नंतर एकत्र लावून वाचले. वय, वजन, बीपी, शुगर, सगळं होतं. व्यवसायापुढे एका ठिकाणी रिकामी रेघ आणि बाकी ठिकाणी ‘गृहिणी’. वर्षानुवर्षं गुलाबाच्या काट्यात हात घालणाऱ्या बाईला आपल्या कागदांनी गृहिणी केलं आणि निदानाची किल्लीच हरवली. जिल्ह्यातल्या शेतमजूर बायकांपैकी किती जणींच्या केसपेपरवर हाच शब्द असेल, याचा विचार करून बघा. त्या स्वतःही विचारल्यावर ‘घरीच असते’ म्हणतात, कारण मजुरीला नोकरी म्हणायची त्यांना सवय नाही. म्हणून ‘नोकरी काय?’ असं विचारून भागत नाही. ‘काल दिवसभर हाताने काय केलं?’ असं विचारावं लागतं.

शेवटी नाशकातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नेमकं तेच विचारलं. मावशींनी उत्तर दिलं आणि बाईंनी त्यांचा हात उलटसुलट करून रांग पाहिली. टीबी, नोकार्डिया, त्वचेचा लेशमॅनियासिस, पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग यांतही अशा रांगेने गाठी येऊ शकतात, म्हणून केवळ नजरेवर विसंबून चालणार नाही, हेही त्यांनी समजावलं. नवा नमुना घेतला. आणि इथे एक गोष्ट मला समजली जी मी प्रत्येक डॉक्टरला कळकळीने सांगते आहे, कारण ती फुकट आहे आणि तिच्यावाचून सगळं अडतं.

पहिल्या बायोप्सीचा पूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला होता. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. मेलेली बुरशी कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहायच्या तपासणीत, वाढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी शोधायला जावं तर माणसाच्या ऊतीत तिच्या पेशी इतक्या तुरळक असतात की बहुतेक वेळा सापडतच नाहीत. दिसतो तो फक्त ग्रॅन्युलोमा. म्हणजे ज्या तपासणीतून उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिची वाट आपणच बंद करून ठेवतो. तुकडा घेतलाच आहे तर त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘फंगल कल्चर’ असं स्पष्ट लिहा आणि रुग्ण काय काम करतो तेही लिहा. प्रयोगशाळेत तो नमुना साबुरो अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमावर, २५ अंशांच्या आसपास ठेवला जातो. वाढ काही दिवसांत दिसू लागते, पण नाही दिसली तर चार आठवडे वाट पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ म्हणू नये. दोन दिवसांत ‘नो ग्रोथ’चा कागद हातात आला तर तो बॅक्टेरियाच्या कल्चरचा असतो, बुरशीबद्दल तो काहीच सांगत नाही.

मावशींच्या नमुन्यात बुरशी वाढली. टीबीचं औषध डॉक्टरांनी थांबवलं आणि इट्राकोनॅझोल सुरू केलं.

औषधाबद्दल थोडं लिहिते. डॉक्टरांना शिकवण्याचा हेतू नाही, पण गावात प्रत्यक्ष काय होतं ते तुमच्या कानावर जावं म्हणून. कातडीपुरत्या आणि लसिकावाहिनीच्या स्पोरोट्रायकोसिसला इट्राकोनॅझोल साधारणपणे दिवसाला २०० मिलिग्रॅम देतात. जखमा पूर्ण भरल्यावरही दोन ते चार आठवडे ते चालू ठेवायचं असतं. एकूण तीन ते सहा महिने लागतात. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, कारण ती शोषली जायला पोटात आम्ल लागतं. आता आपल्याकडची चिठ्ठी आठवा. कोणतंही औषध लिहिलं की शेजारी ‘ऍसिडिटीची’ गोळी असतेच, सकाळी उपाशीपोटी. मावशींच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ती प्रत्येकीवर होती आणि घरात त्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं शिल्लक होती. त्वचेच्या बाईंनी ती बंद करायला सांगितली नसती, तर महागाचं औषध पोटात जाऊनही अंगी लागलं नसतं. यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागते, हृदय कमजोर असलेल्यांना हे औषध टाळतात आणि गरोदरपणात देत नाहीत.

दुसरं औषध जुनं आणि स्वस्त आहे: पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण. थेंबाथेंबाने सुरू करून हळूहळू वाढवत नेतात, दुधातून किंवा रसातून देतात. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं, तरी शंभरावर वर्षं ते या आजारावर वापरात आहे. ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आम्ही आयोडाइडसाठी फिरलो तेव्हा मेडिकलवाले आमच्याकडे बघत राहिले. गरोदर बाईला यातलं कुठलंच चालत नाही. तिला जागेवर शेक देण्याचा उपाय असतो, कारण या बुरशीला उष्णता सोसत नाही. ते निर्णय अर्थात डॉक्टरांचे.

महिन्याभरात कोपराकडच्या गाठी बसू लागल्या. बोटावरची जखम सर्वांत शेवटी भरली. हातावर वण राहिले आहेत. त्याहून वाईट होतं ते आधीच्या काळातलं. गाठी फुटत होत्या तेव्हा शेडमधल्या बाया मावशींच्या लोट्यातून पाणी प्यायला कचरायच्या, आणि ‘रक्तपिती’ (कुष्ठरोग) हा शब्द कुजबुजीतून त्यांच्या कानावर गेला होता. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, हे एका वाक्यात सांगणारं कुणी त्या वेळी भेटलं असतं तर त्यांचं निम्मं दुःख कमी झालं असतं. (मांजराच्या ओरखड्यातून आणि चाव्यातून मात्र तो पसरू शकतो. ब्राझीलमध्ये गेल्या पंचवीसेक वर्षांत मांजरांमधूनच तो मोठ्या प्रमाणावर फैलावला. तिथली प्रजाती वेगळी आहे. भारतात आढळते ती मुख्यतः स्पोरोथ्रिक्स ग्लोबोसा.)

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हा हिमाचल, आसामकडचा आजार आहे, आपल्याकडे कुठे? देशातले बहुतेक नोंदलेले रुग्ण हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातले आहेत, हे खरंच आहे. पण तिथल्या डॉक्टरांनी तो शोधला म्हणून तिथे तो सापडला, हेही तितकंच खरं. आपल्याकडे ओलसर उबदार शेड आहे, शेणखत आहे, काटे आहेत, रोज फुटणारी कातडी आहे. गुलाब सोडला तरी जिल्हा काट्यांनी भरलेला आहे. सटाणा, देवळा, मालेगावकडे डाळिंब आहे. निफाड-दिंडोरीत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा बांधावर काड्यांचे ढीग लागतात आणि ते उघड्या हातांनी उचलले जातात. द्राक्षाच्या डॉगरीज खुंटावर कलम भरताना चाकू बोटात जातो. डाळिंबाची गुटी (फांदीला झाडावरच मुळं फोडायचं कलम) बांधताना ओलं मॉस तासन् तास हाताळलं जातं.

मॉसचा उल्लेख मुद्दाम केला. १९८८ साली अमेरिकेत रोपवाटिकेतली रोपं स्फॅग्नम मॉसमध्ये गुंडाळून पाठवली गेली आणि ती हाताळणाऱ्या १५ राज्यांतल्या ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस झाला. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींमध्ये सुमारे ३००० कामगारांना तो झाला. तिथे गुलाब कुठून येणार? खाणीत आधाराला लावलेल्या लाकडांवर बुरशी वाढली होती आणि अंग घासून जाणाऱ्या प्रत्येकाला ती चिकटत होती. पण त्यांनी काय केलं ते बघा. लाकडावर बुरशीनाशकाची प्रक्रिया केली, कामगारांना पोटॅशियम आयोडाइड दिलं, आणि साथ आटोक्यात आणली. इतक्या वर्षांपूर्वी, खाणीत. कारण रुग्ण काय काम करतो आणि कुठे करतो, हे तिथल्या डॉक्टरांनी आधी पाहिलं.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोही असाच. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका माणसाच्या हातावर आणि दंडावर गाठी होत्या. बेंजामिन शेंक या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्यातून बुरशी वेगळी काढली, आणि ती पाहून तिचं कूळ सांगितलं ते एर्विन स्मिथ या वनस्पतिरोगतज्ज्ञाने. वैद्यक आणि शेती एका टेबलाशी बसली तेव्हा उत्तर मिळालं. आपल्या जिल्ह्यात दोन्हींची माणसं आहेत. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि गावागावांत कृषी सहायक आहेत. दोघांची गाठ घालून देणं तुमच्या हातात आहे.

आणि महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पायात काटा जाऊन होणाऱ्या मदुरा फूटला ‘मायसेटोमा’ हे नाव देऊन तो बुरशीचा आजार असल्याचं १८६० च्या सुमारास मांडलं ते मुंबईत काम करणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या भातखाचरात अनवाणी लावणी करणाऱ्यांना त्याचा धोका आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला २०१६ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. पुढच्याच वर्षी क्रोमोब्लास्टोमायकोसिस आणि इतर खोलवरच्या बुरशीजन्य आजारांचा गट त्यात आला, आणि स्पोरोट्रायकोसिस याच गटात मोडतो.

आता आमच्या बाजूचं. शेड आमचं, माल आमचा, तर हात वाचवण्याची पहिली जबाबदारीही आम्हा बागायतदारांचीच आहे, हे मी इथे जाहीरपणे लिहिते. सुती हातमोजे देऊन हात झटकू नका. गुलाबाचा काटा त्यातून सहज आरपार जातो आणि ओला मोजा दिवसभर हातावर राहतो. कटिंगच्या हातासाठी कोपरापर्यंतचा चामड्याचा मोजा लागतो. ग्रेडिंगला त्याने बोटं वळत नाहीत, तिथे तळव्याला जाड रबराचा थर असलेला चालतो. तो रोज धुऊन वाळवायला हवा, आणि फाटला की त्याच दिवशी बदलायला हवा. शेडच्या दारात साबण आणि वाहतं पाणी हवं. काटा लागला की लगेच धुण्यासाठी दोन मिनिटं काम थांबवलं तर मुकादमाने आवाज चढवता कामा नये. मला विचाराल तर मोज्यांपेक्षाही ही दोन मिनिटं मिळवणं अवघड आहे, कारण माल थांबत नाही आणि टोळीचं मोल नगावर ठरतं. मधुमेह असलेल्यांनी किंवा दारूचं व्यसन असलेल्यांनी तर काट्याची जखम अंगावर काढूच नये. त्यांच्यात बुरशी क्वचित सांध्यांपर्यंत आणि फुप्फुसांपर्यंत पोचू शकते.

मेडिकल दुकानांबद्दलही बोललं पाहिजे. त्वचेवर लावायची स्टिरॉइडची औषधं २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये आणली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी खाज म्हटलं की काउंटरवरून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. नायट्याचं काय झालं ते तुम्ही रोज बघता. साध्या मलमाने जाणारा नायटा आज घरंच्या घरं महिनोन् महिने खाजवत बसलेला आहे. अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन या ट्यूबांवर लक्ष ठेवा. डोळ्याच्या बाबतीत तर हे फारच घातक आहे: द्राक्षाची काडी किंवा उसाचं पातं डोळ्याला लागून बुबुळावर बुरशीचा व्रण होतो, आणि त्यात स्टिरॉइडचे थेंब गेले तर दृष्टी जाऊ शकते.

तुमच्याकडून नेमकं काय हवं, ते लिहिते. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या केसपेपरवर ‘हाताने करायचं काम’ असा रकाना असावा आणि तो भरलाच जावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निर्जंतुक सलाईनच्या छोट्या बाटल्या आणि नमुना जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा ठरलेला दिवस असावा. टीबीचे थुंकीचे नमुने पाठवण्याची व्यवस्था आहेच, ती गाडी रिकामी जात नाही पण तिच्यात एक बाटली मावते. त्वचेचा टीबी ठरवून कोर्स सुरू करण्याआधी, रुग्ण माती-झाडाच्या कामातला असेल तर, बुरशीचं कल्चर एकदा तरी झालेलं असावं. इट्राकोनॅझोल आणि पोटॅशियम आयोडाइड जिल्हा रुग्णालयात मोफत मिळावं, कारण महिनोन् महिने चालणारं औषध रोजंदारीवरची बाई दुसऱ्या पाकिटानंतर सोडते. आणि एक वर्षभर नोंद ठेवा. सरकारी रोगनोंदणीत या आजाराला रकाना नाही, तर जिल्ह्यापुरता तुम्ही करा. वर्षाअखेरीस जो आकडा येईल तो येईल, थोडा आला तर आम्हाला आनंदच आहे. विद्यापीठाने मराठीत एक पान तयार करावं, त्यावर त्या गाठींच्या रांगेचा फोटो असावा, आणि ते आशाताईंपासून मेडिकल दुकानांपर्यंत सगळीकडे लागावं. आशाताईंना हा फोटो एकदा दाखवा. गावातला कुणाचा हात कधीपासून बांधलेला आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मावशी पुन्हा कामावर आहेत. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: टीबीच्या गोळ्यांच्या काळात बुडालेल्या मजुरीबद्दल लिहा, म्हणाल्या, दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. म्हणून लिहिते. चुकीच्या निदानाचा खर्च औषधाच्या बिलात दिसत नाही, तो हजेरीच्या वहीत दिसतो. आमच्या वहीत तो आहे, कुणाला पाहायची असेल तर दाखवीन.

पावसाळ्याआधी तुमच्या पथकाने आमच्या भागात येऊन एकदा हात तपासावेत, अशी विनंती आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी शेडला सुट्टी असते. आमचं पॅकहाऊस त्या दिवशी मोकळं करून देते, टेबलं, उजेड आणि पाण्याची सोय आहे. आजूबाजूच्या बागायतदारांशी बोलले आहे. त्या दिवसाची हजेरी आम्ही बुडू देणार नाही, म्हणजे बाया येतील. तारीख तुम्ही कळवा.

कळावे,
आपली विश्वासू,
दिंडोरी तालुक्यातली एक गुलाब उत्पादक